उदासीन भिंती

जळगाव आणि धुळे ह्या दोन शहरांच्या कडेने अलीकडे ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतील घरांत पाऊल टाकले की एक गोष्ट वारंवार ध्यानी येते. भिंती राखी असतात. कोठे त्या धुरकट, कोठे पारव्याच्या पंखासारख्या, कोठे ओल्या पाटीसारख्या. परंतु कुळी एकच. घरमालकास कारण विचारावे तर उत्तरही बहुधा एकच मिळते : ‘हा रंग कोणालाही खटकत नाही.’ बैठक कोणतीही आणा, पडदे कोणतेही लावा, पाहुणा कोणत्याही आवडीचा येवो. भिंत कोणाशीच भांडत नाही. हे उत्तर इतके समंजस आहे की त्यापुढे विचारण्यासारखे काही उरत नाही असे वाटते. आणि नेमके म्हणूनच ते विचार करण्याजोगे आहे. न खटकणे हा गुण आहे काय? की तो केवळ दोषाचा अभाव आहे, आणि दोषाच्या अभावालाच गुण समजून आपण घरात आणून बसविले आहे?

भिंतीच्या रंगास नीतीच्या दारात ओढून आणणे काही वाचकांस अतिरेकाचे वाटेल. त्यांस एवढेच सांगावयाचे की, हा तोच खानदेश आहे, जेथे अमळनेरास एका गिरणीमालकाने, प्रताप शेठांनी, १९१६ साली तत्त्वज्ञानासाठी स्वतंत्र मंदिर उभारले. कापसाच्या गासड्या मोजणाऱ्या मुलखास जर ब्रह्म आणि माया ह्यांची चर्चा परवडली, तर चुन्याच्या आणि रंगाच्या डब्याची चर्चा परवडण्यास हरकत नसावी. शिवाय ब्रह्माशी आपली गाठ क्वचित पडते. भिंत मात्र रोज सकाळी डोळे उघडताच समोर असते.

राखी भिंत ही नवलाई आहे असे समजण्याचे कारण नाही. आपले जुने लोक जमिनीचे दोन भाग करीत : काळी आणि पांढरी. काळी कसावयाची, पांढरी वसावयाची. तापीकाठची कपाशीची काळी जमीन पाणी प्याली की फुगते आणि उन्हाने सुकली की हातहात भेगाळते. तिच्या उरावर घर टिकत नाही. म्हणून गाव पांढरीवर, आणि घरही पांढरीच्याच मातीचे. जाड मातीच्या भिंती, वर धाबे, खाली शेणाचे सारवण. ते सारवण वाळले म्हणजे जो रंग उरे, तो हिरवटपणाची किंचित झाक असलेला राखीच असे. परंतु तो कोणी निवडलेला नसे. जी माती पायाखाली, जे शेण गोठ्यात, त्यांचा जो रंग तोच घराचा रंग. आवडीनिवडीचा प्रश्नच उद्भवत नसल्यामुळे त्या रंगाबद्दल कोणास जबाबदारही धरता येत नसे. नदी गढूळ आहे म्हणून आपण नदीस दोष देत नाही, तसेच ते होते.

ज्यांची थोडी ऐपत असे ते चुना लावीत. चुन्याची गोष्ट खरोखर सांगण्यासारखी आहे. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझविला की रटरटतो, वाफा सोडतो आणि लोण्यासारखा मऊ होतो. भिंतीवर चढविला म्हणजे हवेतील तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे दगड भट्टीत मरतो आणि भिंतीवर पुनर्जन्म घेतो. चिमूटभर नीळ त्यात घातली की पिवळटपणा मरून पांढरेपणा अधिक खुले. लहान खिडक्यांच्या खोलीत आत आलेला प्रकाश ही भिंत गिळून टाकीत नसे, बहुतेक सगळा परत देई. बाहेरून तीच सफेदी वैशाखातले ऊन परतवून लावी. आणि ज्या मुलखात पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो, तेथे ही काही शोभेची बाब नव्हे. श्रावणात कानबाई यावयाची तर घर तिच्यापूर्वी स्वच्छ आणि उजळ झाले पाहिजे, हा आग्रह ज्यांनी पाहिला आहे त्यांस चुन्याच्या त्या ओल्या वासाची ओळख करून द्यावयास नको.

मात्र ह्या आठवणीने कोणी गहिवरून जाऊ नये. चुन्याच्या भिंतीस टेकले की पाठ पांढरी होई, पावसाळ्यात पोपडे पडत, आणि दरवर्षी नव्याने सारे करावे लागे. हे ‘करावे लागे’ कोणास, तेही लक्षात ठेवावे. सारवणारे आणि पोतेरे फिरविणारे हात बहुधा घरातील बायकांचे असत, आणि चुन्याने भेगाळलेल्या बोटांनीच त्या रात्री भाकरी थापीत. एकदा लावला की पाचसात वर्षे पाहावयास नको, आणि डाग पडला तर ओल्या फडक्याने पुसता येतो, असा रंग बाजारात आला तेव्हा त्याचे स्वागत ज्यांनी केले त्यांची चूक झाली, असे म्हणण्याचा अधिकार पोतेरे हाती न धरलेल्या माणसास मुळीच नाही.

पण त्या डब्याबरोबर आणखी एक वस्तू घरात आली. ती म्हणजे निवड. रंगाच्या दुकानात आता शेकडो चौकोनांची पुस्तिका पुढे ठेवतात, आणि त्यातील कोणत्याही चौकोनावर बोट ठेवा, यंत्र पांढऱ्या रंगात काळ्याचे, पिवळ्याचे, तांबड्याचे मोजके थेंब सोडून तो रंग घटकेत सिद्ध करते. जेथे एकच वाट होती तेथे हजार वाटा फुटल्या. आता चूक होण्याची भीतीही हजारपट वाढली. पिवळा घेतला आणि शेजाऱ्यांनी नाके मुरडली तर? हिरवा घेतला आणि दोन महिन्यांत आपणासच कंटाळा आला तर? पुढेमागे घर विकावयाची पाळी आली आणि गिऱ्हाइकास तो आवडला नाही तर? ह्या शेवटच्या प्रश्नाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. माणूस स्वतःच्या घरात राहावयास जाण्यापूर्वीच त्या घरात पुढे राहावयास येणाऱ्या परक्या माणसाची मर्जी सांभाळू लागतो! अशा हजार शंकांच्या गर्दीतून मन जेथे आडोशाला जाऊन उभे राहते, ती जागा म्हणजे राखी रंग. तो निवडलेला दिसतो खरा. परंतु पुष्कळ वेळा तो निवड टाळण्याचा एक सभ्य प्रकार असतो.

बरे, ज्या तटस्थपणासाठी हा खटाटोप करावयाचा, तो तरी पदरात पडतो काय? फ्रान्समधील शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे पॅरिसच्या गोबलँ गालिचेखान्यातील रंगशाळेची व्यवस्था होती. तेथे तक्रार आली की, निळ्याजांभळ्या वस्त्रांच्या छायांसाठी वापरलेला काळा रंग फिका पडतो. त्याने तपास केला तेव्हा असे आढळले की, काळ्या रंगात काही दोष नव्हता. दोष शेजाराचा होता. कोणताही रंग शेजारच्या रंगावर आपल्या विरोधी रंगाची छटा पाडतो, आणि हे रंगात नव्हे तर पाहणाऱ्याच्या डोळ्यात घडते, हा सिद्धान्त त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. ह्या नियमाला सर्वांत आधी बळी पडतो तो राखी रंगच. लाल गालिच्यामागची राखी भिंत किंचित हिरवट भासते, निळ्या पडद्याशेजारची पिवळसर. ज्याला स्वतःचा रंग नाही त्याला शेजारी रंगवितो, आणि तोही आपल्यासारखा नव्हे तर आपल्या उलट. राजकारणात आणि नातेसंबंधांत स्वतःस तटस्थ म्हणविणाऱ्यांचे असेच होताना आपण पाहतो : दोन्ही पक्ष त्यास विरुद्ध पक्षाचा समजतात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. छायाचित्रकार प्रकाश मोजण्यासाठी एक राखी पुठ्ठा वापरतात. काळ्या आणि पांढऱ्याच्या बरोबर मध्यावरचा म्हणून डोळ्यास जो राखी पटतो, तो हा. परंतु तो पडलेल्या प्रकाशाचा केवळ अठरा टक्के भाग परत देतो. डोळ्यास जे निम्मे वाटते, ते हिशेबात पाचव्या हिश्शाहूनही कमी भरते! अशा भिंती चारी बाजूंनी उभ्या केल्या म्हणजे त्या दिवसाढवळ्या किती उजेड पोटात घालतात, ह्याचा अंदाज विजेच्या आकड्यावरूनच येतो.

येथे आपल्या भाषेतील एक शब्द फार उपयोगी पडतो. ‘उदासीन’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ दूर, वर, वेगळा बसलेला असा आहे. जो भांडणात उतरला नाही तो उदासीन. संस्कृतात ही प्रशंसा आहे. गीतेने भक्ताची लक्षणे सांगताना हा शब्द गौरवाने वापरला आहे. मराठीत मात्र तो शब्द उतरता उतरता खिन्न झाला. उदासीन चेहरा म्हणजे आपणास तटस्थ चेहरा वाटत नाही, दुःखी चेहरा वाटतो. शब्दाच्या ह्या घसरणीला मी भाषेचा अपघात मानीत नाही. दूर बसलेला माणूस फार काळ दूरच बसून राहिला की त्याचे काय होते, हे मराठी बोलणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले असावे.

आणि गीतेचे नाव निघाले म्हणून धुळ्याचे स्मरण अपरिहार्य आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ ह्या अठरा आठवड्यांत दर रविवारी एक, अशी विनोबांची गीतेवरील अठरा प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. समत्वाचा विचार त्या तुरुंगाच्या भिंतींनी ऐकला तो अशा माणसाच्या तोंडून, की जो स्वतः एका झगड्यात उतरून तेथे आला होता. गीतेच्या सहाव्या अध्यायात जेथे सर्वांविषयी समबुद्धी ठेवणारा श्रेष्ठ म्हटला आहे, तेथे उदासीन आणि मध्यस्थ हे दोन शब्द शेजारी शेजारी, पण वेगळे आले आहेत. शंकराचार्यांनी भाष्यात त्यांचा भेद सांगितला आहे : उदासीन कोणाचाच पक्ष घेत नाही; मध्यस्थ मात्र भांडणाऱ्या दोघांचेही हित इच्छितो. वरवर पाहता दोघेही तटस्थच. पण एकाचे पाऊल बाहेर वळलेले, दुसऱ्याचे आत. आपल्या खेड्यांत बांधावरून तंटा झाला म्हणजे लोक ज्या पंचाकडे जातात, तो उदासीन असून चालत नाही. त्याला दोन्ही घरची चूल पेटती राहावी अशी कळकळ असावी लागते. माझा प्रश्न ह्या भेदाच्या उजेडात अधिक नेमका करता येतो : आपल्या घरांतील राखी भिंती मध्यस्थ आहेत, की उदासीन?

राखी रंगाचा पक्ष घेणारे आणखी एक मोठे प्रमाण पुढे करतील. राख हा वैराग्याचा रंग आहे. स्मशानवासी शंकर तो अंगास लावतो, गोसावी लावतात. हे खरे, पण राख होण्यापूर्वी काही तरी जळावे लागते. ज्याने संसार जाळला त्याच्या अंगावरची राख आणि दुकानातून डब्यात भरून आणलेली राख ह्यांत अंतर आहे. आणि ज्यांनी खरोखरच संसार सोडला, त्यांच्या भिंती कशा होत्या? त्या पाहावयास फार दूर जावयास नको. जी वाघूर नदी आज जळगाव शहरास पाणी पुरविते, ती वर डोंगरात अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घालून येते. तेथला दगड काळसर राखी, आपल्या साऱ्या डोंगरांचा असतो तोच. भिक्षूंना भिंती तशाच ठेवता आल्या असत्या. विरक्तास त्या शोभल्याही असत्या. पण त्यांच्या विहारांत त्या राखी दगडावर माती, भाताचे तूस आणि झाडपाल्याचे तंतू कालवून गिलावा चढविला गेला, त्यावर पातळ पांढरा हात दिला गेला, आणि मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, इतकेच नव्हे तर अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून आलेला लाजवर्दी निळा, असे सारे रंग भिंतींवर आणि छतांवर उधळले गेले. राजे, दासी, हत्ती, बाजार, विरहिणी, सगळा सोडलेला संसार भिंतींवर उभा आहे. सर्वस्व सोडणाऱ्यांना रंगाचे भय वाटले नाही, आणि काहीच न सोडलेल्या आपणास मात्र ते वाटते, हा विरोध मला फार दिवस अस्वस्थ करीत आला आहे. कदाचित ज्याला ओढ नाही त्यालाच रंग निर्भयपणे पाहता येत असेल. कदाचित त्यांचे दाते धनाढ्य होते, एवढेच त्याचे कारण असेल.

राखी रंगाविरुद्धच बोलत राहिलो तर माझाही तोल गेला असे होईल. भडक भिंत ही एक प्रकारची दंडेली असते. गडद जांभळ्या किंवा तोंडल्यासारख्या लाल खोलीत बसलेल्या माणसास भिंतीचेच ऐकावे लागते. घरात पुस्तके असतील, मुलांची चित्रे असतील, आजोबांचे पिवळे पडलेले छायाचित्र असेल, तर त्यांना बोलू द्यावयाचे म्हणून भिंतीने गप्प बसणे ही सुसंस्कृत गोष्ट आहे. श्रोत्याचे मौन आणि निर्विकाराचे मौन दुरून सारखेच दिसते. फरक एवढाच की, श्रोत्यासमोर कोणी तरी बोलत असावे लागते. मी अशा राखी खोल्या पाहिल्या आहेत की, ज्यांत एक पितळी समई आणि एक तांबडे लुगडे पाहून डोळ्यांचे पारणे फिटावे. परंतु बहुतेक ठिकाणी भिंतीबरोबर बैठकही राखी, फरशीही राखी, पडदेही राखी असतात. तेथे भिंत कोणाचे ऐकण्यासाठी गप्प बसली आहे, हे समजत नाही.

माझ्या परिचयाचे एक कुटुंब यावल तालुक्यातील खेड्यातून येऊन जळगावात स्थायिक झाले. मुलाने सदनिका घेतली, आणि रंगावरून घरात वाद नको म्हणून सर्व खोल्यांस एकच राखी रंग द्यावयाचे ठरविले. पत्नीस पिवळा हवा होता, मुलीस निळा. दोघींनीही आपापला हट्ट सोडला, आणि हा तोडगा सर्वांस न्यायाचा वाटला. आईला कोणी विचारले नाही. विचारावयाचे नव्हते असे नाही. तिला रंगाचे काय, असे सर्वांनी गृहीत धरले. तिने घरात पाऊल टाकले, सभोवार पाहिले आणि गिलावा झाल्यावर पैसे संपले की काय, असे काळजीने विचारले. सगळे हसले. पण तिचा प्रश्न अडाणी नव्हता. तिच्या गावात राखी भिंत म्हणजे सिमेंटचा गिलावा झालेली आणि रंगाची वाट पाहणारी भिंत. सिमेंटला तो रंग त्यातील लोहाच्या अंशामुळे येतो, आणि कित्येक घरांच्या नशिबी तोच कायम राहतो, कारण कपाशीचा भाव त्या वर्षी पडलेला असतो. एकाच रंगाला एका घरात अडचण म्हणतात आणि दुसऱ्या घरात अभिरुची. म्हातारीने पहिला शब्दकोश वापरला, इतकेच.

खरी गोष्ट पुढे निघाली. म्हातारी घरात चाचपडू लागली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा व्हावयाचा. तरुणपणी डोळ्यात जितका प्रकाश पोचतो त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीनंतर आतील पडद्यापर्यंत पोचतो, आणि जवळजवळच्या दोन छटांमधला फरक ओळखण्याची शक्तीही क्षीण होते, असे नेत्रवैद्य सांगतात. राखी भिंत, तिच्यात तशाच रंगाचे दार, खाली राखी फरशी. भिंत कोठे संपते आणि दार कोठे लागते हे तिला कळेना. खेड्यातील अंधाऱ्या घरात ती डोळे मिटून वावरली असती. ह्या उजळ दिव्यांच्या घरात ती भिंतीस हात लावून चालू लागली. संडासाच्या उंबऱ्याशी एकदा ती पडली. सुदैवाने मनगट मुरगळण्यापलीकडे काही झाले नाही.

कोणासही न खटकणारा रंग एका व्यक्तीस दिसतच नव्हता. ज्या न्यायाने तो निवडला गेला त्या न्यायसभेत ती व्यक्ती हजर नव्हती, किंवा हजर असून मोजली गेली नव्हती. पत्नी आणि मुलगी ह्यांच्या दोन इच्छांमध्ये जो मध्य काढला, तो त्या दोघींपुरता मध्य होता. मध्यबिंदू कोणत्या दोन टोकांमधला, हे ज्याने ठरविले त्याने निकालही तेव्हाच देऊन टाकलेला असतो. भिंत मग निरागसपणे राखी दिसत राहते. मला वाटते, उदासीन आणि मध्यस्थ ह्यांतील भेद शिकावयास भाष्य उघडण्याची गरज त्या घरास उरली नव्हती.

मुलगा मातृभक्त आहे. त्याने दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्यास बोलावले. सगळे घर पुन्हा रंगवावयाचे तर खर्च मोठा, आणि पत्नीचे म्हणणे असे की, मग पिवळ्याचा विचार पहिल्यापासून का केला नाही. अखेर असे ठरले की, भिंती तशाच ठेवाव्या. फक्त प्रत्येक दाराची चौकट, संडासाचा उंबरा आणि आईच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर कमरेच्या उंचीचा एक पट्टा गेरूच्या रंगाने ओढावा. रंगारी म्हणाला, हे शोभणार नाही. ते शोभत नाहीच. येणारा पाहुणा प्रथम त्या तांबड्या पट्ट्याकडे पाहतो आणि मग शिष्टाचाराने दुसरीकडे. म्हातारी आता पहाटे उठून, दिवा न लावता, भिंतीला हात न लावता देवघरापर्यंत जाते. मुलगा घराचे छायाचित्र कोणास पाठवावयाचे झाले तर अजूनही असा कोन शोधतो की, त्यात चौकट येऊ नये.